फिल्म चांगली, पिल्लं वाईट: सोलापुरातल्या एका लॅब्रॅडॉर केनेलचं प्रकरण

तक्रार पंढरपूरहून आली. दहा महिन्यांचा पिवळा लॅब्रॅडॉर नर. सकाळी उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं धड ओढून घेतो, पळताना मागचे दोन्ही पाय जोडीनं टाकतो, बसतो ते एक पाय बाहेर फेकून. मालक शाळेत मास्तर. त्यांनी आधी तेल चोळून पाहिलं, मग कॅल्शियमची बाटली चालू केली, आणि शेवटी ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्या सोलापूरच्या अण्णांना फोन लावला. अण्णांनी कुत्रा माझ्याकडे दाखवायला सांगितला.

गुंगी देऊन तपासलं तेव्हा ऑर्टोलानी चाचणी दोन्ही बाजूंनी लागली. खुब्याचा सांधा सैल असला तर मांडी हळूहळू बाहेर फाकवत नेली की खोबणीच्या काठावर आलेला मांडीच्या हाडाचा गोळा खट्कन आत बसतो, आणि ते तपासणाऱ्याच्या हाताला कळतं. (ही चाचणी मुळात माणसांच्या तान्ह्या बाळांसाठीची. मारिनो ऑर्टोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ.) एक्स-रे फिल्मवर डावा नॉरबर्ग कोन ८६ अंश भरला, उजवा ९२. दोन्ही गोळ्यांचे मध्य जोडणारी एक रेघ आणि त्या मध्यापासून खोबणीच्या पुढच्या काठाकडे जाणारी दुसरी रेघ, यांच्यातला हा कोन. घट्ट बसलेल्या सांध्यात तो १०५ किंवा जास्त असतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या ए (उत्तम) ते ई (सगळ्यांत खराब) या मापात वाईट बाजू धरून श्रेणी ठरते, म्हणून हा कुत्रा ई. आजाराचं नाव हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसता सैल राहणं. एफसीआयच्या नियमानं श्रेणी द्यायला किमान एक वर्ष वय लागतं हे खरं, पण ८६ अंशाचा सांधा दोन महिन्यांत सुधारत नसतो. वजन ३८ किलो. बरगड्या हाताला लागत नव्हत्या.

इथवर हा एका कुत्र्याच्या उपचाराचा विषय होता. मास्तरांच्या एका वाक्यानं तो केनेलचा झाला. ते म्हणाले, "अण्णा, कुत्रा मी परत देणार नाही, पैसेही नकोत. पण ही जोडी पुन्हा लावू नका."

अण्णांचं केनेल होटगी रोडच्या पुढे, शेतातल्या शेडमध्ये. दोन नर, चार माद्या, सगळे केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरवाले. पिवळा शेरू चार वर्षांचा, शोमध्ये बक्षिसं घेतलेला. त्याच्यासाठी बार्शी, लातूर, विजापूरहून माद्या येतात. काळू पाच वर्षांचा, नावासारखाच काळा, शोला कधी गेला नाही. माद्या गौरी, चंपा, मोती आणि राणी. (नावं बदलली आहेत.) पंढरपूरचं पिल्लू शेरू आणि गौरीचं.

अण्णांची बाजू मी इथे नीट मांडतो, कारण ती फक्त त्यांची नाही, बहुतेक ब्रीडरांची असते. पहिलं, आईबाप ठणठणीत चालतात. दुसरं, शेरूचा एक्स-रे फोटो आधी काढलेला आहे आणि "हिप्स नॉर्मल" असा कागद फाइलला आहे. तिसरं, दोष फरशीचा. आपल्याकडे घराघरात शहाबादी. वापरून गुळगुळीत झाली की पिल्लाचे पाय चारी दिशांना जातात.

पहिल्या मुद्द्याला उत्तर लवकर देता येतं. सैल खुब्याचा कुत्रा लंगडतोच असं नाही. मांडीचे स्नायू भरलेले असतील तर तो वर्षानुवर्षं सांधा सावरून धरतो, आणि चाल पाहून नापास करता येईल असं काही दिसत नाही. दुसऱ्या मुद्द्यासाठी जुनी फिल्म मागवली. ती शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला धरून काढली होती. एक मांडी वळलेली, गुडघ्याची वाटी मध्यावर नाही, कमरेच्या हाडातली दोन भोकं एक मोठं एक छोटं, म्हणजे कंबरच तिरकी. अशा फिल्मवर एका बाजूचा सांधा आहे त्याहून चांगला दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा वाईट. त्यावरून नॉर्मलही म्हणता येत नाही आणि खराबही. कुत्र्याचा चिप नंबर फिल्मवर नव्हता, तारीख नव्हती. तो कागद बाजूला ठेवला.

फरशीचा मुद्दा मात्र मला सोडवत नव्हता, कारण त्यात तथ्य आहे. नॉर्वेत लॅब्रॅडॉर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत हा आजार जास्त होता, आणि मोकळ्या मऊ जमिनीवर बागडलेल्यांत कमी. तेव्हा वाढवण्याचा हात आहेच. पण अण्णांनीच पुढे एक वाक्य टाकलं. म्हणाले, "माझ्या वडलांनी सांगोल्याकडं जन्मभर कारवानी पाळली. ती पण फरशीवरच वाढली. एकही मागनं लुळं पडलं नाही." मी म्हटलं, "अण्णा, मग फरशी कशी दोषी?" ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, धावणाऱ्या जातींत हा आजार फारच कमी दिसतो, कारवानी त्याच बांध्याची. फरशी तीच आणि कुत्रं वेगळं असताना निकाल वेगळा येत असेल, तर फरशी दोष निर्माण करत नाही, आत असलेला दोष वाढवते. अण्णा काही बोलले नाहीत. अण्णांच्या सूनबाई हसल्या. केनेलच्या वह्या त्याच ठेवतात, आणि पुढचं सगळं प्रकरण त्यांच्या वहीवर उभं आहे.

फिल्मा

सहाही कुत्र्यांच्या फिल्मा नव्यानं काढायचं ठरलं. एप्रिल होता, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. झायलाझिन-केटामिनची गुंगी दिलेल्या कुत्र्याला अंगातली उष्णता नीट सांभाळता येत नाही, म्हणून काम उजाडताना उपाशीपोटी आणि नऊच्या आत. गुंगीवर अण्णा नाराज होते. पण गुंगीशिवाय स्नायू ढिले पडत नाहीत, पाय सरळ ताणता येत नाहीत, आणि दोन-तीन माणसांना कुत्रा धरून थेट किरणांत हात घालावे लागतात. माणसांची एक्स-रे सेंटरं कुत्रं घेत नाहीत, तक्रार करण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकीय मशीन असेल तिथेच जावं.

कुत्रा उताणा, पन्हळीच्या आकाराच्या गादीत. मागचे पाय मागे ताणून एकमेकांना समांतर, गुडघे आत वळवून पट्टीनं बांधलेले, वाट्या बरोबर मध्यावर, कण्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ. चिप नंबर, तारीख, डावं-उजवं अशी खूण एक्सपोजरच्या वेळीच फिल्मवर. कमरेची भोकं सारखी दिसली नाहीत की फिल्म पुन्हा. मोती आणि शेरूच्या पहिल्या फिल्मा रद्द केल्या. राणी त्या आठवड्यात हीटवर, म्हणजे माजावर होती, तिला वगळलं. त्या काळात हार्मोनमुळे सांधे सैल दिसू शकतात, म्हणून हीटच्या आधी-नंतर तीन-चार आठवडे सोडतात. बाळंतिणीचंही तेच, पिल्लं तोडल्यावर महिनाभर थांबायचं.

वाचन दोघांनी केलं. माझं एक, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण पाहणाऱ्या एका सहकाऱ्याचं एक, त्यांना कुत्र्यांची नावं न कळवता. अमेरिकेत १९६६ पासून ओएफए ही संस्था तीन रेडिओलॉजिस्टकडून वेगवेगळं वाचन करून घेते, त्यामागे हाच विचार आहे: शोमध्ये जिंकलेलं नाव समोर असलं की डोळा सैल पडतो. आमच्या श्रेण्या केनेलच्या निर्णयापुरत्या होत्या. हे कुठलं प्रमाणपत्र नव्हे, हे अण्णांना लिहून दिलं.

मोती ए. शेरू बी, उजवा १०६, डावा १०४. गौरी बी. चंपा सी. काळू सी, उजवा १०१, डावा १०३. राणीची फिल्म नंतर झाली, ती डी, आणि तीन वर्षांच्या वयातच मांडीच्या हाडाच्या मानेवर नव्या हाडाची कड दिसायला लागलेली. राणी सगळ्यांत चपळ. विहिरीच्या कठड्यावर उडी मारून बसणारी.

अण्णांचा चेहरा फुलला. शेरू पास. राणीला निवृत्त करा, काळूचं काम कमी करा, शेरू-गौरी चालू ठेवा: कागदावरून हाच निर्णय निघत होता, आणि पुष्कळ केनेलांत तो इथेच होतो. पण मग पंढरपूरचं पिल्लू आलं कुठून?

वही

हिप डिस्प्लेशिया एका जनुकाचा आजार नाही. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा, त्यावर खाणं, वजन, जमीन. डोळ्याच्या पीआरए या आनुवंशिक आजारासारखी "वाहक आहे की नाही" सांगणारी एकच डीएनए चाचणी इथे करता येत नाही. एखाद्या कुत्र्याच्या सांध्यात जो फरक दिसतो त्यातला वारशानं येणारा वाटा बहुतेक अभ्यासांत वीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास धरला जातो. म्हणजे शेरूची बी श्रेणी ही शेरूच्या जनुकांबद्दल बोलते, तशी ती त्याला लहानपणी मिळालेल्या शेताबद्दलही बोलते. तो मातीत वाढला, कधी जाड झाला नाही. पिल्लांना त्यानं शेत दिलं नाही, जनुकं दिली.

हे तपासायला पिल्लांच्याच फिल्मा लागतात. किती, याचं गणित पशुपैदाशीच्या पुस्तकात जुनंच आहे, दुधाच्या वळूंसाठी वापरतात ते. वारशाचा वाटा पाव धरला तर वेगवेगळ्या माद्यांपासून झालेल्या पाच पिल्लांच्या फिल्मा बापाच्या स्वतःच्या फिल्मइतकी माहिती देतात. वाटा चाळीस टक्के धरला तर सहा लागतात. त्याच्या पुढचं प्रत्येक पिल्लू बापाच्या फिल्मला मागे टाकत जातं. ब्रीडर लोक एक फिल्म फ्रेम करून भिंतीला लावतात आणि विकलेल्या पिल्लांचे नंबर फोन बदलताना हरवतात. माझ्या मते उलटं करावं.

सूनबाईंच्या वहीत प्रत्येक वेताचं पान होतं: तारीख, आईबाप, पिल्लांचे रंग, कुणाला दिलं, फोन. त्यांनी एकेकाला फोन लावले. इथे एक सापळा असतो. लंगडणाऱ्या पिल्लाचा मालक आनंदानं येतो, धडधाकटाचा कशाला येईल? मग आकडे वाईटाकडे झुकतात. म्हणून खर्च अण्णांनी उचलला आणि "काही त्रास आहे का" असं न विचारता वर्ष पूर्ण झालेल्या सगळ्याच पिल्लांना बोलावलं. काही शहरातल्या जुळे सोलापूर भागात, काही अक्कलकोट रोडला, दोन मोहोळला. काहींचे नंबर लागले नाहीत. एक जण म्हणाला, कुत्र्याला गुंगी देणार असाल तर माझी बायको मला घरात घेणार नाही. मिळाली तेवढी घेतली.

शेरूची नऊ आली. गौरीपासूनची चार: बी, सी, डी, ई. चंपापासूनची तीन: बी, सी, डी. मोतीपासूनची दोन: ए आणि डी. नवांपैकी चार डी किंवा त्याखाली, आणि ती तिन्ही माद्यांत विखुरलेली. ए श्रेणीच्या मोतीनंही शेरूपासून डी दिली. पंढरपूरचं पिल्लू यात धरलेलं नाही, कारण ते तक्रारीतून आलं होतं आणि वर्षाचंही नव्हतं.

काळूची आठ आली. चंपापासून ए, ए, बी. मोतीपासून ए, बी, बी. राणीपासून दोन, दोन्ही सी. काळूच्या आठांत डी एकही नाही.

फरशीचा प्रश्न इथे आपोआप सुटला. काळूची पिल्लं काही हिमाचलात वाढली नव्हती. याच शहरात, याच शहाबादीवर, याच भाकरी-दूध-अंड्यावर वाढली होती. चंपाची जोडी तर अगदी समोरासमोर ठेवता येते: तीच आई, काळूकडून ए, ए, बी, आणि शेरूकडून बी, सी, डी. आठ-नऊ पिल्लं म्हणजे फार मोठा आकडा नव्हे, आणि एवढ्यावर मी शेरूच्या रक्ताला कायमचा शिक्का मारणार नाही. पण एखाद्या नराकडे पुन्हा माद्या न्यायच्या का, हे ठरवायला तो पुरेसा आहे.

निर्णय आणि भांडण

राणी बंद, यावर वाद झाला नाही. चंपा सी असली तरी ठेवली. केनेल लहान असताना प्रत्येक सी काढून टाकली तर चार पिढ्यांत सगळी भावंडंच उरतात, आणि मग सांध्यापेक्षा वाईट गोष्टी वर येतात. सी मादीला चांगल्या पिल्लांचा बाप द्यायचा, एवढी अट.

भांडण शेरूवरून. स्टडच्या, म्हणजे बाहेरच्या माद्यांना शेरू लावण्याच्या पैशावर शेडचा महिन्याचा खर्च निघत होता, हे अण्णांनी लपवलं नाही. "डॉक्टर, बी श्रेणीचा नर बंद करायला कुठल्या नियमात सांगितलंय?" कुठल्याच नाही. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, खुब्याबद्दल काही सांगत नाही. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांत नोंदणी आहे, चिप आहे, अठरा महिन्यांच्या आत जोड लावू नये आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये हे आहे. पण नराच्या पिल्लांच्या फिल्मा बघा, असं कुणी सक्तीनं सांगत नाही. तेव्हा नियमाच्या जोरावर मला काही बोलता येत नव्हतं. सूनबाईंनी वहीचं पान उलटून दाखवलं: बाहेरच्या माद्यांना शेरूपासून झालेली पिल्लं. त्यांचे फोन आपल्याकडे नाहीत, म्हणजे ती कुठे लंगडतायत हे आपल्याला कळणारही नाही, पण नाव आपलंच घेतलं जाईल. अण्णांनी शेरूचं स्टड थांबवलं. शोला तो अजून जातो. त्याला कोण अडवतंय?

पुढच्या वेतांसाठी काळू-मोती ही मुख्य जोडी, काळू-चंपा दुसरी. दर पिल्लाबरोबर सूनबाई एक पान देतात. त्यात कॅल्शियमची पावडर-बाटली देऊ नका हे पहिलं, कारण मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला पिल्लांच्या तयार खाण्यावर वरून कॅल्शियम घातलं तर हाडांची वाढ बिघडते. खाणं मोजून. लॅब्रॅडॉरवरचाच एक प्रसिद्ध अभ्यास आहे, २००२ साली त्याचे शेवटचे निकाल आले: ४८ पिल्लं, जोड्या लावून, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाल्लेल्यांत खुब्याचा संधिवात कमी आणि उशिरा, आणि आयुष्याचा मध्य ११.२ ऐवजी १३ वर्षं. सोलापुरात कुत्रं गुबगुबीत नसलं की शेजारी "खायला घालत नाही का" विचारतात, त्यामुळे हे पटवणं फिल्म पटवण्यापेक्षा अवघड जातं. फरशीवर रबरी मॅट किंवा जुनी चादर टाका, पण चादर सरकणारी नको. पहिले तीन महिने जिना नको. आणि एक कलम पैशाचं: पिल्लाच्या किमतीतले २ हजार राखून ठेवलेले असतात, बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान नीट काढलेली फिल्म दाखवली की ते परत. निकाल काहीही असो. खराब निघाली तर पैसे नाहीत असं केलं असतं तर खराब फिल्म कधीच आली नसती.

घरी ठेवायच्या पिल्लांची ऑर्टोलानी चार-पाच महिन्यांना गुंगीत पाहतो. पेनहिप पद्धतीत सोळा आठवड्यांपासूनच सांध्याचा सैलपणा आकड्यात मोजता येतो, आणि ०.३० च्या खालचा आकडा आला तर पुढे संधिवाताची भीती फारच कमी. पण त्याला प्रशिक्षित डॉक्टर आणि वेगळं उपकरण लागतं. आमच्या कामात ते नव्हतं. म्हणून ऑर्टोलानी ही पहिली चाळणी, वर्षाला फिल्म, आणि जोड लावण्यापूर्वी दोन वर्षांना पुन्हा एक. ओएफए चोवीस महिन्यांच्या आत पक्की श्रेणी देतच नाही; वर्षाला सी वाटलेला सांधा दोन वर्षांत घसरलेलाही सापडतो.

एकटा काळू फार पुरणार नाही. पुढच्या पिढीत त्याच्याच मुली असतील, म्हणजे बाहेरचा नर आणावा लागेल. अण्णांनी एक पाहिलाही होता, पुण्याकडचा, देखणा. फिल्म आहे का विचारलं तर होती, चांगली. भावंडांच्या फिल्मा? "त्या कशाला?" कोपराची फिल्मही नव्हती, आणि लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याइतकंच कोपरही पाहावं लागतं. सौदा थांबला आहे. कदाचित नराऐवजी, जिची भावंडं तपासलेली आहेत अशी एखादी मादीच घ्यावी लागेल. नर देखणा मिळतो, तपासलेली कुटुंबं मिळत नाहीत.

पंढरपूरचा कुत्रा आता ३१ किलोवर आहे. दुखण्यावरचं मेलोक्झिकॅम गरज पडेल तेव्हाच, रोज सकाळी पट्ट्यावर चालणं, चेंडू बंद. खुब्यातला हाडाचा गोळा काढून टाकायची शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलली आहे. मास्तरांनी घरातल्या दोन खोल्यांत मॅट टाकली.

गौरीचं काय, हे अजून ठरलेलं नाही. तिची वर्ष पूर्ण झालेली चारही पिल्लं शेरूचीच, त्यामुळे वाईटातला वाटा तिचा किती आणि त्याचा किती हे त्या चार फिल्मांवरून वेगळं काढता येत नाही. चंपा आणि मोतीची शेरूपासूनची पिल्लंही घसरली, म्हणून तिला संशयाचा फायदा देऊन काळूपासून एकच वेत घेतलं. सहा पिल्लं झाली. सूनबाईंनी त्यातली चार मुद्दाम सोलापुरातच दिली. त्यांची वर्षं भरली की फिल्मा काढायच्या, त्यात डी निघाली तर गौरीचं ऑपरेशन करून टाकायचं.